कोल्चिसीनमध्ये २४ तास ठेवूनही पेशी मेटाफेजला अडकून का राहत नाहीत? (आणि खर्रा खाणाऱ्यांच्या गालातल्या पेशींचा प्रकल्प)

वणीचा_मास्तर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. शेवटच्या वर्षाची पेशीविभाजनाची प्रॅक्टिकल चालू आहेत. कांद्याची मुळं ०.०५ टक्के कोल्चिसीनमध्ये (क्रोमोसोम ओढणारे धागे बनू न देणारं रसायन) ठेवली, एक कांदा ४ तास आणि दुसरा २४ तास. ४ तासांच्या स्लाइडवर मेटाफेज (क्रोमोसोम वाटणीआधी मधोमध येण्याची अवस्था) भरपूर मिळाले. क्रोमोसोम आखूड, जाड आणि पेशीभर विखुरलेले होते, ॲनाफेज (क्रोमोसोम वेगळे होऊन दोन टोकांकडे जाण्याची अवस्था) जवळपास नाहीच. २४ तासांच्या स्लाइडवर मात्र मेटाफेज कमी दिसतात. केंद्रकं मोठाली, काही वेडीवाकडी, काहींच्या बाजूला बारकी केंद्रकं. शिवाय मुळांची टोकं चांगलीच फुगली आहेत.

सगळी कायनेटोकोर (क्रोमोसोमवरच्या धागे चिकटण्याच्या जागा) धाग्यांना जोडली जाईपर्यंत स्पिंडल चेकपॉइंट, म्हणजे ह्या धाग्यांच्या जुळणीवरचा पहारा, पेशीला पुढे जाऊ देत नाही, हे वर्गात शिकवून झालं आहे. म्हणून पोरांचा सरळ प्रश्न आला, "मग ह्या थांबल्या काहून नाही सर?" दुसरा प्रश्न फुगलेल्या टोकाबद्दल, ती कॅन्सरची गाठ समजायची का? आणि तिसरा माझा स्वतःचा आहे. पुस्तकांत एका ओळीत लिहिलेलं असतं की चेकपॉइंट तुटला की कॅन्सर होतो. स्पिंडलच्या चेकपॉइंटबाबत हे खरंच इतकं सरळ आहे का?

याला जोडूनच दोन विद्यार्थ्यांना खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला) खाणाऱ्यांच्या गालाच्या आतल्या पेशींतली सूक्ष्मकेंद्रकं, म्हणजे मुख्य केंद्रकाबाहेर पडलेली बारकी केंद्रकं, मोजायची आहेत. आमच्याकडे १००एक्स ऑइल लेन्सचा मायक्रोस्कोप आहे, जिम्सा स्टेन आहे, फ्रिज आहे. फ्लुरोसन्स नाही आणि वीज दुपारी जाते. एवढ्यावर होईल का?

तर्कू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की चेकपॉइंट पेशीला कायमचं थांबवत नाही, तो वेळ मिळवून देतो. पोरांना रेणूंच्या पातळीवर दाखवलं तर हे चटकन कळेल.

न जोडलेल्या प्रत्येक कायनेटोकोरवर एमपीएस१ हे एन्झाइम काम सुरू करतं. तिथे मॅड१ आणि मॅड२ ही प्रथिनं येऊन बसतात आणि आजूबाजूच्या मोकळ्या मॅड२चा आकार बदलतो. आकार बदललेला मॅड२ सीडीसी२०ला धरतो, त्यात बबआर१ आणि बब३ येऊन मिळतात. ह्या चौघांचा संच एपीसी/सी ह्या यंत्रणेला दाबून ठेवतो. एपीसी/सीचं काम म्हणजे सेक्युरिन आणि सायक्लिन बी ह्या दोन प्रथिनांवर नष्ट करण्याची खूण लावणं. सेक्युरिन गेलं की सेपरेज मोकळं होतं आणि जोडक्रोमॅटिड (क्रोमोसोमच्या दोन सारख्या प्रती) धरून ठेवणारं कोहेसिन कापतं. सायक्लिन बी गेलं की पेशी मायटॉसिसमधून, म्हणजे विभाजनाच्या अवस्थेतून, बाहेर पडते. म्हणजे ही दोन प्रथिनं जोवर टिकून आहेत, तोवर पेशी मेटाफेजला उभी.

आता तुमच्या २४ तासांकडे या. कोल्चिसीनने सूक्ष्मनलिका, म्हणजे स्पिंडलचे धागे, बनूच दिल्या नाहीत, त्यामुळे सगळीच कायनेटोकोर रिकामी आणि इशारा पूर्ण जोरात. तरीही एपीसी/सी शंभर टक्के बंद होत नाही. सायक्लिन बी थोडं थोडं झिरपत नष्ट होत राहतं आणि एका पातळीखाली गेलं की पेशी विभागणी न करताच मायटॉसिस सोडते. केंद्रकपटल पुन्हा तयार होतं, पण वाटणी झालेली नसल्यामुळे दुप्पट क्रोमोसोम एकाच केंद्रकात राहतात. माणसाच्या पेशींत हे २००६ साली ब्रिटो आणि रीडर यांनी दाखवलं. चेकपॉइंट चालू असतानाच सायक्लिन बी संपतं आणि पेशी निसटते. ह्याला स्लिपेज म्हणतात, आणि तुमची मोठाली वेडीवाकडी केंद्रकं म्हणजे निसटून गेलेल्या पेशी. विखुरलेले क्रोमोसोम एका जागी गोळा होण्याआधीच पटल बनलं, तर बाजूला पडलेल्यांभोवती वेगळं पटल तयार होतं. ती तुमची बारकी केंद्रकं.

हा इशारा किती संवेदनशील आहे तेही सांगा. १९९५ मध्ये रीडर यांच्याच गटाने शेवटचं एकच न जोडलेलं कायनेटोकोर लेझरने जाळलं आणि थोड्याच मिनिटांत ॲनाफेज सुरू झाला. म्हणजे बाकी सगळी जोडलेली असतानाही ते एकटं सगळ्या पेशीला रोखून होतं.

शेतकऱ्यांच्या मुलांना भावेल अशी एक गोष्ट. मॅड आणि बब ही जनुकं १९९१ मध्ये यीस्टमध्ये सापडली ती बेनोमिल हे बुरशीनाशक वापरून. सूक्ष्मनलिका बिघडवणारं औषध दिल्यावरही जे यीस्ट थांबायला तयार नव्हते, ते निवडत गेल्यावर ही जनुकं हाती लागली. बेनोमिल विघटित होऊन कार्बेन्डाझिम बनतं, म्हणजे आपल्याकडे हरभऱ्याच्या बियाण्याला चोळतात ते बाविस्टिन. बुरशीच्या ट्युब्युलिनला (सूक्ष्मनलिका ज्या प्रथिनाच्या बनतात ते) चिकटून ते तिचं विभाजन अडवतं. बीजप्रक्रिया उघड्या हाताने करू नये यामागचं हेही एक कारण मुलांना सांगून टाका. ट्युब्युलिन बुरशीत असतं तसं आपल्यातही असतं.

धामणगाव_बॉटनी

तर्कू यांच्या उत्तराला वनस्पतीपुरती एक पुस्ती. माणसाच्या निरोगी पेशी अशा निसटल्या तर पुढच्या जी१ अवस्थेत (डीएनए दुप्पट होण्याआधीचा टप्पा) पी५३ हे पहारेकरी प्रथिन त्यांना बहुधा अडवतं. वनस्पतींत पी५३ नाही. डीएनए तुटल्यावरचं तसलं काम सॉग१ नावाचं वेगळं प्रथिन करतं. म्हणून कांद्याच्या चौपट संचाच्या पेशी आरामात पुढच्या चक्रात जातात, आणि त्यावरून माणसाच्या पेशीत पी५३चं काय होतं याचा निष्कर्ष काढता येत नाही. कोल्चिसीन लावून शेतीत बहुगुणित (क्रोमोसोमचे संच वाढवलेली) वाणं करता येतात ती ह्याच कारणाने.

फुगलेल्या टोकाला जुन्या पुस्तकांत सी-ट्यूमर असं नाव आहे, पण तो कॅन्सर अजिबात नाही. वनस्पतीच्या पेशीत पेशीभित्तिकेला लागून सूक्ष्मनलिकांचे पट्टे असतात. पेशी लांबीत वाढावी की जाडीत, हे ते ठरवतात. कोल्चिसीनने ते पट्टे गेले की पेशी सगळ्या दिशांनी सारखीच फुगते. विभाजन वाढलेलं नसतं, वाढीची दिशा हरवलेली असते. उभा छेद घेऊन साध्या पाण्यातल्या मुळाशेजारी ठेवा. पेशींची संख्या नव्हे, रुंदी वाढलेली दिसेल.

दोनच वेळा घेतल्यामुळे गोष्ट अर्धी दिसते आहे. ३, ८ आणि २४ तास घ्या, आणि चौथा गट २४ तास कोल्चिसीन, मग धुऊन २४ तास साधं पाणी. ह्या चौथ्या गटाला शेवटी पुन्हा ३ तास कोल्चिसीन द्या, नाहीतर क्रोमोसोम पसरणार नाहीत आणि मोजता येणार नाहीत. त्यात १६ क्रोमोसोमच्या पेशींसोबत ३२च्या पेशी सापडल्या, की पोरांनी स्लिपेज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

कामाची पद्धत लिहितो. लहान कांदे घ्या. तळाची वाळलेली जुनी मुळं ब्लेडने खरवडा, पण त्याखालचं मुळांचं कडं कापू नका. बाटलीच्या तोंडावर कांदा असा ठेवा की फक्त तळ पाण्याला टेकेल. पाणी रोज बदला. बोअरचं पाणी फार जड असेल तर कॅनचं फिल्टर पाणी वापरा. मार्चनंतर आपल्याकडे खोलीतच ३८-४० अंश होतं, त्यात विभाजनं घटतात आणि मुळं सडतात, म्हणून बाटल्या माठाशेजारी किंवा कूलरच्या खोलीत. दोन ते तीन दिवसांत २ सेंमी मुळं येतात.

१०० मिली पाण्यात ५० मिग्रॅ कोल्चिसीन म्हणजे ०.०५ टक्के. हे तीव्र विष आहे. हातमोजे घाला, तोंडाने पिपेट ओढू नका, उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. मुळं धुऊन ताज्या ३:१ अल्कोहोल-ॲसेटिक आम्लात २४ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांना ८ मिनिटं. हे आम्ल करताना ८.३ मिली तीव्र आम्ल पाण्यात हळूहळू सोडा आणि एकूण १०० मिली करा. पाणी आम्लात कधीही ओतू नका. वीज नसली तर वॉटर बाथऐवजी तोंड रुंद असलेला थर्मास, त्यात ६१-६२ अंशांचं पाणी आणि आत टेस्ट ट्यूब. ८ मिनिटांत अंशभरच उतरतं. ॲसिटो-ऑर्सिनमध्ये अर्धा तास. मग टोकाचा गडद दिसणारा १ ते २ मिमीचा भाग तेवढाच ठेवायचा, बाकी मूळ फेकायचं. ४५ टक्के ॲसेटिक आम्लाचा थेंब, कव्हरस्लिप, काडीच्या टोकाने हलके ठोके, मग टिपकागदात धरून अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा बाजूला सरकला की क्रोमोसोम एकमेकांत मिसळतात आणि स्लाइड फुकट जाते.

प्रत्येक गटाची निदान ५ मुळं घ्या आणि मुळागणिक १००० पेशी मोजा. नुसतं "मेटाफेज जास्त दिसले" असं वहीत लिहून घेऊ नका. एकूण पेशींत विभाजनातल्या किती, त्यांत अडकलेले मेटाफेज किती आणि सूक्ष्मकेंद्रकवाल्या किती, असे तीन रकाने हवेत.

कोल्चिसीन मिळत नसेल तर पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या संपृक्त द्रावणात ३ तास ठेवूनही काम भागतं. गव्हाच्या मुळांना तर बर्फाच्या पाण्यात २४ तास ठेवलं तरी मेटाफेज साचतात, कारण थंडीत सूक्ष्मनलिका विरघळतात. रब्बीत गहू घरोघरी असतो, तेव्हा हा बिनविषारी प्रयोग जरूर करा.

गाठ_आणि_गुणसूत्र

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. इथे पुस्तकातली ओळ मुलांची कायमची चुकीची समजूत करून ठेवते, म्हणून सविस्तर लिहितो.

चेकपॉइंट एक नाही. जी१मधून एस अवस्थेत (डीएनए दुप्पट होण्याच्या) जाताना आरबी आणि पी५३ ह्या प्रथिनांचा पहारा असतो, आणि तो कॅन्सरमध्ये खरोखर तुटलेला सापडतो. टीपी५३ (पी५३चं जनुक) हे माणसाच्या कॅन्सरमध्ये सर्वाधिक बिघडलेलं आढळणारं जनुक आहे. "ब्रेक तुटलेली गाडी" ही उपमा इथे चालते. तीच उपमा स्पिंडल चेकपॉइंटला लावली की गडबड होते.

गुणसूत्रांच्या (क्रोमोसोमच्या) चुकीच्या वाटणीतून घातक गाठ होते हा विचार थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ मध्येच मांडला होता. १९९७ मध्ये लेंगाउर, किन्झलर आणि फोगेलश्टाइन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींत दाखवलं की एका गटातल्या पेशी पिढ्यान्‌पिढ्या गुणसूत्रं गमावत-कमावत राहतात. ह्यालाच गुणसूत्र अस्थिरता म्हणतात. पुढच्याच वर्षी अशा काही पेशींत बब१मध्ये बिघाड सापडला आणि उत्तर मिळालं असं वाटलं. पण नंतर शोधत गेल्यावर मॅड-बब जनुकांतले बिघाड फार थोड्या गाठींत निघाले. अस्थिर पेशींना सूक्ष्मनलिका मोडणारं औषध दिलं तर त्यातल्या बहुतेक नीट थांबतात. म्हणजे त्यांचा स्पिंडल चेकपॉइंट काम करतो.

मग चूक शिरते कुठून? मेरोटेलिक जोडणीतून. एकाच कायनेटोकोरला दोन्ही ध्रुवांकडचे धागे येऊन चिकटतात. कायनेटोकोर रिकामं नाही आणि ताणही आहे, त्यामुळे चेकपॉइंटला काही खटकत नाही आणि तो वाट मोकळी करतो. ॲनाफेज सुरू झाला की तो क्रोमॅटिड दोन्हीकडून ओढला जातो आणि मधेच रेंगाळतो. मायक्रोस्कोपखाली दोन्ही संच ध्रुवांकडे निघालेले आणि मधल्या मोकळ्या जागेत एकच क्रोमॅटिड, दोन्हीकडे ताणला गेल्यामुळे लांबोळा झालेला, असं दृश्य असतं. निरोगी पेशीत अरोरा बी हे एन्झाइम चुकीचे धागे सोडवत राहतं. अस्थिर पेशींत धागे गरजेपेक्षा घट्ट बसतात, सुटायला वेळ मिळत नाही. सेंट्रोसोम (धागे जिथून निघतात ती ध्रुवांवरची केंद्रं) दोनाऐवजी तीन-चार असले तर अशा जोडण्या आणखी वाढतात, आणि स्लिपेज झालेल्या पेशीत सेंट्रोसोम दुप्पट झालेलेच असतात. अस्थिर कॅन्सर पेशींत साधारण दर एक ते पाच विभाजनांत एखादं गुणसूत्र चुकीच्या बाजूला जातं.

रेंगाळलेलं गुणसूत्र मुख्य केंद्रकात पोचलं नाही तर सूक्ष्मकेंद्रक होतं. त्याचं पटल कच्चं असतं, सहज फाटतं, आतला डीएनए तुकडे-तुकडे होतो आणि तेच तुकडे पुढच्या चक्रात उलटसुलट जोडले जाऊ शकतात. एका गुणसूत्राची अशी मोडतोड कॅन्सरमध्ये २०११ साली वर्णन केली गेली. त्यामुळे सूक्ष्मकेंद्रक हा झालेल्या चुकीचा पुरावा आहे आणि पुढच्या बिघाडाची सुरुवातही.

अस्थिरता वाढली की कॅन्सरही त्याच प्रमाणात वाढतो, असं मात्र शिकवू नका. मॅड२ पूर्ण काढलेले उंदीर गर्भातच मरतात. त्याची एकच प्रत काढली तर उतारवयात फुप्फुसात गाठी होतात (२००१), आणि प्रमाणाबाहेर वाढवलं तरी गाठी होतात (२००७). थोडी गडबड पेशीला फायद्याची ठरू शकते, फार झाली तर पेशीच मरते. सूक्ष्मनलिकांवरची कॅन्सरची औषधं ह्याच कडेचा उपयोग करतात.

त्यातलं विन्क्रिस्टीन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघतं. मुलांना हे सांगाल तेव्हा सोबत दुसरं वाक्यही सांगा. पानांत ते अतिशय अल्प असतं, शुद्ध करून शिरेतून, मोजून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं लागतं. पाल्याचा काढा कॅन्सरवर उपचार नाही. त्या नादात लोकांचे महिने जातात आणि बरी होण्यासारखी गाठ हाताबाहेर जाते.

भंडारा_दंत

खर्ऱ्याचा प्रकल्प होण्यासारखा आहे, पण जिम्सावर नको. खर्रा खाणाऱ्याच्या गालात केरॅटिनचे कण, जंतू आणि सुपारीचा बारीक चुरा असतो. जिम्सा ह्या सगळ्यांना रंगवतो आणि प्रत्येक ठिपका सूक्ष्मकेंद्रक वाटतो. फक्त डीएनएला लागणारा रंग हवा, म्हणजे फॉयल्गन, आणि पार्श्वभूमीला हलका हिरवा.

आधी कागदपत्रं. कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी, मराठीत लेखी संमती, १८ वर्षांवरचेच लोक, आणि नावाऐवजी क्रमांक. रोज किती पुड्या, किती वर्षं, खर्रा कोणत्या गालात धरतात, विडी, दारू, गेल्या महिन्यातला एक्स-रे, तोंडातल्या जखमा, हे सगळं लिहून घ्या. न खाणारा गट त्याच वयाचा आणि त्याच गावचा असावा. गटात २५-३० तरी लोक हवेत, दहा-दहाच्या तुलनेतून काही ठरत नाही.

साध्या पाण्याने दोनदा चूळ भरायला लावा. ओल्या लाकडी पट्टीने गालाचा आतला भाग खरवडा आणि पहिला खरवडा टाकून द्या, तो मेलेल्या पेशींचाच असतो. दुसरा सलाइनच्या थेंबात पसरा, वाळवा, मिथेनॉलमध्ये २० मिनिटं. मग ५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं, वाहतं पाणी, शिफ अभिकर्मकात (फॉयल्गनचा रंग देणारं द्रावण) अंधारात १ तास, पुन्हा पाणी, ०.२ टक्के लाइट ग्रीनमध्ये अर्धा मिनिट.

सूक्ष्मकेंद्रक कशाला म्हणायचं ते आधी पक्कं करा. व्यास मुख्य केंद्रकाच्या १/३ ते १/१६ दरम्यान, गोल किंवा लंबगोल, कडा स्पष्ट, रंग आणि पोत मुख्य केंद्रकासारखाच, फोकसची पातळी तीच, आणि त्याला चिकटलेलं नसावं. चिकटलेली कळी वेगळ्या रकान्यात. तुकडे झालेल्या, आक्रसलेल्या किंवा विरलेल्या केंद्रकाच्या पेशी मोजणीतून बाहेर, नाहीतर मरणाऱ्या पेशींचे तुकडे सूक्ष्मकेंद्रकं म्हणून मोजले जातील. माणशी २००० पेशी, आणि मोजणाऱ्याला स्लाइड कोणाची हे कळता कामा नये.

निष्कर्षाची मर्यादा प्रकल्पात ठळक लिहा. विभाजन खालच्या थरात होतं आणि ती पेशी वर यायला साधारण १ ते ३ आठवडे लागतात, म्हणजे आजची स्लाइड मागच्या काही आठवड्यांची गोष्ट सांगते. ह्या रंगाने सूक्ष्मकेंद्रकात तुटलेला तुकडा आहे की अख्खं रेंगाळलेलं गुणसूत्र, हे कळत नाही. त्याला सेंट्रोमिअरची (गुणसूत्रावरचा कायनेटोकोर बनतो तो भाग) खूण लागते. आणि आकडा गटाचा असतो. एकट्या माणसाला "तुमची इतकी निघाली" असं सांगू नका.

गावात हमखास ऐकू येणारं एक वाक्य म्हणजे "मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी." आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. सुपारीतल्या ॲरेकोलीनने प्रयोगशाळेतल्या पेशींची स्पिंडल बिघडून त्या मायटॉसिसमध्ये अडकतात, हेही दाखवलं गेलं आहे. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना तिन्ही घोटलेले असतात.

नमुना घेताना पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तीन बोटंही न मावणारं तोंड दिसलं, तर स्लाइडची वाट न पाहता त्याच दिवशी चिठ्ठी देऊन दंतवैद्याकडे पाठवा. शक्य असेल तर कोणीतरी सोबत जा. नुसतं सांगून बरेच जण जात नाहीत.

वणीचा_मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. भंडारा मॅडम, शिफ मागवतो. पण "खोलीचं तापमान" आमच्याकडे एप्रिलमध्ये ४० असतं. ३० मिनिटंच ठेवायचं का? आणि रंग नीट लागला की नाही, हे नवशिक्या पोरांनी कसं ओळखायचं?

भंडारा_दंत

नाही, ती ३० मिनिटं २५ अंशांच्या आसपासची आहेत. ४०ला आम्ल जास्त वेगाने काम करतं, आधी रंगाला लागणारे गट मोकळे होतात आणि पुढे डीएनएच विरघळून निघून जातो. केंद्रक फिकट गुलाबी दिसलं तर बहुधा हेच झालेलं असतं. स्टेनिंगचं भांडं पाण्याच्या टबात ठेवून बर्फाच्या खड्याने २५ला आणा आणि थर्मामीटर आतच राहू द्या. जमलं तर हा भाग डिसेंबरमध्येच उरका. वाळवून मिथेनॉल दिलेल्या स्लाइड डबीत बंद करून फ्रिजमध्ये थांबू शकतात.

ओळखण्यासाठी प्रत्येक बॅचसोबत दोन जादा स्लाइड ठेवा. एक तुमच्याच कांद्याच्या मुळाची, त्यात विभाजनातले क्रोमोसोम गडद किरमिजी दिसलेच पाहिजेत. दुसरी गालाच्या पेशींची, पण आम्ल न दिलेली, तिच्यात केंद्रक रंगता कामा नये. पहिली फिकी निघाली किंवा दुसरी रंगली, तर ती अख्खी बॅच मोजू नका. शिफची बाटली तपकिरी काचेची, फ्रिजमध्ये, आणि द्रावण बिनरंगी किंवा अगदी फिकट पिवळं असावं. गुलाबी झालं असेल तर नवीन घ्या.

धामणगाव_बॉटनी

त्या कांद्याच्या स्लाइडसाठी कोल्चिसीन न दिलेलं मूळ वापरा, म्हणजे ॲनाफेजही मिळतील. फॉयल्गनने रंगवलेलं टोक नंतर ४५ टक्के ॲसेटिक आम्लात दाबलं तरी चालतं, रंग जात नाही. फक्त आम्लाची वेळ कांद्याच्या टोकाला आणि गालाच्या पेशींना एकच ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.